उंची गाडी

१७ सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळ.

आजपासून रोजनिशी. येत्या पंधरवड्यात मी जो व्यवहार करणार आहे तो भूममधला दुसरा कुणीही करणार नाही, म्हणून कुठंतरी नोंद पाहिजे. वाचायची कुणीच नाही. बायकोनं, शिवगंगानं तर नाहीच नाही.

सकाळी धाराशिवला खवा पोचवला आणि गाड्यांच्या शोरूमशेजारच्या टपरीवर चहा घेत बसलो. मागच्या बाकावर शोरूमची दोन पोरं. माझे कान पहिल्यापासून तिखट. कढईतल्या दुधाचा आवाज बदलला की पाठमोरा बसूनही सांगतो, उतरवा, नाहीतर खवा लागतोय. एसटीच्या टपावर टोपल्या टाकून सोलापूर गाठायचो तिथपासून आजच्या चार भट्ट्यांपर्यंत आलो ते या दोन कानांवर.

पोरं म्हणत होती, दसऱ्याला सेडानचं फेसलिफ्ट येतंय. म्हणजे तोंड तेवढं नवं, धड तेच. जुना माल त्याआधी काढायचाय, आणि उद्यापासून लागतोय पितृपंधरवडा. कुत्रंसुद्धा फिरकणार नाही.

चहा अर्धा टाकून उठलो. जग ज्या पंधरा दिवसांत घाबरून घरात बसतं, त्याच पंधरा दिवसांत लिंबाजी खरेदी करणार. मी असलं काही मानत नाही.

घरी सांगितलं. शिवगंगाची पोळी तव्यावर करपली, मला बाहेर ऐकू आलं. म्हणाली, पितरांत माणसं सुईदोरा घेत नाहीत आणि तुम्ही गाडी घेताय? आई बाजेवर गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. तिनं एकच विचारलं, "उंची हाय ना रं?"

ऐंशी वर्षांची बाई, पण पारख बघा. उंची साडी, उंची अत्तर, तशी उंची गाडी. म्हटलं, "आई, एकदम उंची. टॉप मॉडेल." म्हातारी समाधानानं पुन्हा तेल चोळायला लागली.

ठरलं. दसऱ्याला आईला स्वतःच्या गाडीत बसवून तिच्या माहेरी, तेरला न्यायचं. आजवर बिचारी खव्याच्या टेम्पोतनंच गेली.

१८ सप्टेंबर, बुधवार.

शोरूममध्ये मी एकटाच गिऱ्हाईक. श्रीनाथ नावाचा विक्रेता. पोरगा गोड, पण कच्चा. मी काही बोललोच नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायचं आणि म्हणायचं, "अरेरे, पंधरवडा लागला की." प्रत्येक 'अरेरे'ला तो खाली येत गेला. शेवटचा आकडा इथं लिहीत नाही, नजर लागते. म्हणजे मानत नाही, पण लिहीत नाही.

माझा बेत साधा होता. पैसे आत्ता भरायचे आणि गाडी दसऱ्याला उचलायची. पितरांचा संबंधच नाही.

सही झाल्यावर श्रीनाथ म्हणाला, "काका, ऑफर डिलिव्हरीवर आहे हां. अमावस्येच्या आत गाडी आमच्या दारातनं बाहेर पडली पाहिजे."

मी हसलो. ते हसणं मलाच जरा लांबून ऐकू आलं.

२० सप्टेंबर, शुक्रवार. दुपार.

भीती नाही. सावधगिरी आहे. दोन्हीत फरक असतो.

भट्टीच्या पत्र्यावर एक कावळा बसतोय. आधीही बसत असेल. पण असा बघत नसे.

तोड सापडली. गाडी शिवगंगाच्या नावावर घ्यायची. माझे पितर भूमचे, तिचे परंड्याचे. गाडी तिची म्हटल्यावर आमच्या लोकांना बोलायला जागा नाही, हद्दच वेगळी. तिच्या लोकांना वाटेल, जावयाची गाडी आहे, आपण कशाला बोला. दोन तालुक्यांच्या मधल्या भांडणातनं जसा माणूस सुटतो तसे आपण सुटलो.

शिवगंगाला ही युक्ती सांगितली. म्हणाली, "माझ्या माहेरच्या मेलेल्यांनी काय पाप केलंय तुमचं?"

गाडी माझ्याच नावावर.

२४ सप्टेंबर, मंगळवार.

गाडी आणली. 'घेतली' म्हणायचं नाही, घरात सगळ्यांना बजावलंय. कुणी विचारलं तर 'आणून ठेवली' म्हणायचं. घेणं दसऱ्याला.

श्रीनाथला सांगितलं होतं, नारळ नको, हार नको, फोटो नको. त्यानं तिन्ही केलं. वर पुठ्ठ्याची हातभर किल्ली माझ्या हातात दिली. फोटोत मी हसतोय असं तो म्हणतो. मला तो चेहरा दातांच्या डॉक्टरकडं बसलेल्या माणसाचा दिसला. चाकाखाली लिंबू ठेवलं ते टायर तपासायला.

येडशी सोडल्यावर पहिल्या ब्रेकरला खालून आवाज आला. टुक.

हा आवाज मी हजारात ओळखीन. दादांची काठी. वडील टेम्पोत शेजारी बसायचे आणि मी जोर केला की काठी खाली पत्र्यावर आपटायचे. टुक. म्हणजे, हळू. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.

पुढच्या ब्रेकरला पुन्हा टुक.

मी मोठ्यानं म्हणालो, "हळूच आहे, दादा." काचा बंद होत्या, कुणी ऐकलं नाही. तिथून भूमपर्यंत चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. दुधाचे कॅन लावलेल्या एका मोटरसायकलनं हॉर्न मारून मला मागं टाकलं. आमचाच दूधवाला. उद्या गावभर.

गाडी अंगणाच्या कडेला ताडपत्रीखाली झाकली. दसऱ्यापर्यंत कुणी बघायची नाही, बसायची नाही. आईनं आतून विचारलं, आली का? म्हटलं, यायची आहे. खोटं नाही. घेतलेली नाहीच.

२६ सप्टेंबर, गुरुवार. दशमी.

दादांची तिथी. पान वाढून पत्र्यावर ठेवलं. खीर, वडे, आमटी, सगळं त्यांच्या आवडीचं. कावळे चार, शिवेना एकही. लांबून माना वाकड्या करून बघत बसले.

शिवगंगा माझ्याकडं बघायला लागली. काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त ऐकू येतं.

मग कबूल करत गेलो. म्हटलं, दादा, गाडी हळू चालवीन. कावळा हलेना. म्हटलं, भट्टीवरच्या लोकांना दिवाळीला दोन दिवस जादा सुट्टी. हलेना. हात जोडून म्हणालो, "दादा, या गाडीत पहिली आई बसंल. दसऱ्याला तिला तेरला नेईन. तिच्याआधी कुणाला बसू देणार नाही. शब्द!"

सगळ्यांत जाडा कावळा उतरला, वडा उचलला आणि ताडपत्रीवर, बरोबर गाडीच्या टपावर बसून खाल्ला.

मंजुरी मिळाली. शिवगंगा म्हणते, ताडपत्रीवर घाण करून गेला. ती शिक्क्याच्या जागी धरायची.

पण शब्द गेलाय. आता आई त्या गाडीत बसलीच पाहिजे. नाही बसली तर? नाही बसली तर, हा विचार करायचा नाही असं ठरवलंय. जेवताना सहा वेळा केला.

२ ऑक्टोबर, बुधवार. सर्वपित्री अमावस्या.

संपलं. गेले सगळे आपापल्या जागी. गाडीला काही नाही, घराला काही नाही, मला फक्त थोडी ॲसिडिटी. मी सांगत होतो, ही सगळी अंधश्रद्धा आहे.

ताडपत्री धुतली. गाडी सुरू करून कोपऱ्यापर्यंत नेली. टुक.

अजून एखादा दिवस लागत असेल परत जायला.

६ ऑक्टोबर, रविवार.

साडू आले परंड्याहून, कृष्णराज. दारात उतरले ते एका भल्या मोठ्या जीपसारख्या गाडीतनं. नवी. घटस्थापनेला घेतली म्हणे. मला वाटलं होतं हा माणूस दसऱ्याला सेडानचं नवं तोंड घेऊन येईल आणि माझी जुनी ठरवील. त्यासाठी चार उत्तरं पाठ केली होती, ती वाया गेली.

ताडपत्री उचलून दाखवली. कृष्णराजनं भोवती फेरी मारली, बोनेटवर थाप मारली. म्हणाला, "पाव्हणं, माल भारी मारलाय. पण आजकाल ह्या घेतं कोण? म्हणून तर देतायत पाडून." मी लक्ष दिलं नाही. मग खाली वाकून म्हणाला, "पोट घासतंय बघा ब्रेकरला. उंची कमी हाय."

उंची कमी! टॉप मॉडेलला! माणसाला पारख नसली की असं होतं. आणि आवाजाचं म्हणाल तर कृष्णराजला कान नाहीत. काठी कुठली आणि पत्रा कुठला, हे त्याला काय कळणार.

दसऱ्याला तोही त्याची गाडी घेऊन तेरला येतो म्हणाला. या बापडे. मागं मागं या.

११ ऑक्टोबर, शुक्रवार.

नव्या मॉडेलची जाहिरात मोबाइलवर बघितली. दिवे बारीक झालेत, जाळी रुंद झालीय. डोळे मिटून हसणाऱ्या माणसासारखं तोंड. आपलंच बरं. भावात जो फरक पडलाय तो बघून मनातल्या मनात श्रीनाथला नमस्कार केला.

उद्या आई बसली की शब्द पुरा. मग ही भीती, म्हणजे सावधगिरी, सगळी उतरेल. गादी पुसून ठेवली. आईसाठी पाठीला उशी.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा. सकाळी आठ.

गाडीला झेंडूचा हार, बोनेटवर आपट्याची पानं. आई नवं लुगडं नेसून तयार. थोड्या वेळात निघतो. आज मी पूर्ण निर्धास्त आहे. भिंतीवरच्या दादांच्या फोटोला तीनदा नमस्कार केला तो सण आहे म्हणून.

तोच दिवस. संध्याकाळ.

लिहायचं नव्हतं. पण नोंद पाहिजे असं मीच पहिल्या दिवशी लिहून बसलोय.

आई काठी टेकत आली. दार मी स्वतः उघडलं. तिनं आत बघितलं, मग सीटकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"लिंबा, ही तर पाटावर बसल्यागत हाय की रं."

म्हटलं, बसून तर बघ. शिवगंगानं एक हात धरला, मी दुसरा. आई अर्धी वाकली, तोंडातनं "आई गं" निघालं आणि तशीच सरळ झाली. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा तिनं हातच सोडवून घेतला.

"उंची हाय ना म्हणून म्या आदीच इचारलं न्हवतं का? गुडघं वाकत्यात का माजं? टेम्पोत कसं, खुर्चीवानी बसायचं."

हे वाक्य मी ऐकलं होतं. एक एक अक्षर ऐकलं होतं.

सकाळीच येऊन थांबलेल्या कृष्णराजनं दाताखाली हसू धरून त्याच्या गाडीचं दार उघडलं. आई एक पाय टाकून बसली पण. शिवगंगा तिच्याशेजारी.

आईच्या कानाशी जाऊन सांगितलं, दादांना शब्द दिलाय, पानावर, कावळ्यासमोर, पहिली तूच बसणार म्हणून. आता काय होईल ते होईल. माझा आवाज बारीक झाला होता म्हणे. शिवगंगानं नंतर सांगितलं.

आईनं पदर सावरला. मग म्हणाली, "मग त्यांनाच बसीव की. त्यांचं गुडघं आता कुटं दुकत्यात?"

शिवगंगा उतरली, भिंतीवरचा दादांचा फोटो काढून आणला आणि माझ्या शेजारच्या सीटवर ठेवला; स्वतः परत आईशेजारी. आईसाठी घेतलेली उशी फोटोच्या पाठीशी. बेल्ट मी लावला. कायदा आहे.

तेरपर्यंत दादा शेजारी. समोर बघू की शेजारी, कळेना. ब्रेकर दिसला की मीच आधी म्हणायचो, "आला बरं का." टुक. "हो, हळूच आहे." पुढं कृष्णराजची गाडी ठिपक्याएवढी झाली, मग तीही दिसेना. तेरला पोचलो तेव्हा त्यांचं गोरोबाकाकांचं दर्शन होऊन प्रसाद खाऊन झाला होता.

निघताना बघतो तर सीटवर फोटो नाही. कृष्णराजच्या गाडीत, आईच्या मांडीवर. आई वरून म्हणाली, "ऱ्हाऊ दे हितं. त्यांना तुज्या गाडीतनं बाहीरचं काय दिसंना."

म्हणजे एकटा निघालो. गावाबाहेरच्या पहिल्याच ब्रेकरला आवाज आला. टुक.

शेजारी नुसती उशी.

गाडी कडेला घेतली. कान तिखट आहेत, आवाज पत्र्याचाच हे बरोबर ओळखलं होतं, फक्त आपटणारा चुकला होता. मग उतरलो, गुडघे टेकले, खाली डोकावलो. पत्र्याला पुढून मागपर्यंत पांढरे ओरखडे. नव्या गाडीला. अठरा दिवसांत.

बघून झालं. उठायला गेलो, तर उठता येईना. उजवा गुडघा तिथंच धरला. बोनेटचा आधार घ्यावा तर तेही खाली.

मी दिसेना म्हणून कृष्णराज गाडी वळवून आला. उतरून त्यानं काखेत हात घालून मला उभं केलं. गुडघ्यावरची माती झटकली, हे त्याचे उपकार.

आईनं खिडकीची काच खाली केली. मांडीवर दादांचा फोटो, दोघंही वरून माझ्याकडं बघत होते. वाटलं, आता बोलेल काहीतरी. तिनं पिशवीत हात घातला आणि तेलाची बाटली खाली माझ्या हातात दिली.

म्हणाली, "गरम करून चोळ."