धुराचा वाटा

फाकाओफो, ३ मे

ती. अलापाती मामांस,
फेलेतीचा सा. न.; वि. वि. करण्याइतका शांत नाही, म्हणून थेट तक्रार.

मोठ्या देशांना धूर कमी करा म्हणायचं तर आधी आपण करावा, असं वडीलधाऱ्यांच्या सभेने ठरवलं. दिवे आपले उन्हावरच चालतात. उरलं होड्यांचं पेट्रोल. तर म्हणे प्रत्येकाने निम्मंच जाळावं. म्हातारी सिना महिन्यातून एकदा पलीकडच्या बेटावर झावळ्या आणायला जाते, तिने काय अर्ध्या वाटेवरून परतायचं? आणि वीस वर्षं धडधडणारं पेनेहेंचं दांडगं इंजिन निम्म्यातही ऐटीत फिरणार.

आम्हा पोरांनी सभेत बोलायचं नसतं. तरी मी दारातून ओरडलो, की ज्याने आजवर जास्त जाळलं त्याने जास्त सोडावं. पेनेहे शांतपणे म्हणाले, की फेलेतीला अर्ध्यावर सोडायची सवय आहे, कॉलेजही सोडलं, मग पेट्रोल सोडताना कुरकुर कसली. सगळे हसले. त्यांची मुलगी लुपेही हसली. जिच्यासाठी मी वेलिंग्टनचं कॉलेज सोडून आलो ती हीच, आणि तिला हे अजून ठाऊक नाही.

पुढच्या सभेत माझं म्हणणं विचारात घेणार आहेत. पेनेहेंना वल्हं मारायला लावलं नाही तर नाव सांगणार नाही.

लोभ असू द्या, उपदेश आवरा.
तुमचा फेलेती

पोरिरुआ, २९ मे

चि. फेलेतीस,
अनेक आशीर्वाद, अक्कल बोटीने पाठवता येत नाही, म्हणून तेवढेच.

तुझा न्याय मला पटला, म्हणूनच भीती वाटते. मी दिवसभर डिझेलची बस हाकतो; तो न्याय कृपा करून समुद्र ओलांडून इकडे आणू नकोस. मोठ्या देशांच्या सभांतही हेच चालतं म्हणे. कोणी म्हणतो माणसं मोजा, कोणी म्हणतो जुना धूर काढा, आणि ज्यात शेजारी अडकतो तोच न्याय प्रत्येकाला आवडतो.

माझं जुनं इंजिन तुला मासे धरायला दिलं होतं. बेटावरून येणारा प्रत्येक जण सांगतो, की तू रोज दुपारी शाळेच्या बेटावर, फेनुआफालाला, जातोस आणि मासा काही आणत नाहीस. कधी लुपे शिकवते त्या शाळेला खडू नेतोस, कधी कोणाचा विसरलेला चमचा. चमच्यासाठी एवढं पेट्रोल राजेलोकही जाळत नसतील. सभेत हे निघालं तर? त्याआधी त्या मुलीला सरळ विचार. नाही म्हणाली तर निदान पेट्रोल वाचेल.

मामी विचारते, कॉलेजचं काय. मी विषय बदलला.

माया आहेच, इंजिन जप.
अलापाती मामा

फाकाओफो, २४ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि. आज रीतसर करतो, डोकं ठिकाणावर आहे.

तुमचं पत्र बोटीतून उतरलं त्याच्या आदल्याच दिवशी सभा झाली. माझा न्याय एकमताने मंजूर झाला. मी फुगलो. मग सर्वांत वृद्ध तेओ आजोबांनी विचारलं, की पेनेहेंच्या इंजिनाने आणलेले मासे कोणी खाल्ले. सगळ्यांनीच, इनातीत म्हणजे गावच्या मासळीच्या वाटपात घराघराला वाटा पडतोच. मग धूरही सगळ्यांनी खाल्ला, तो सगळ्यांवर वाटा, असं ते म्हणाले. आणि मला विचारलं, की सात महिने रोज दुपारी काढलेला तुझा धूर कोणी खाल्ला.

लुपेचं नाव चारचौघांत कसं घेऊ? तिच्या मनात नसतं तर तिला तोंड दाखवायला जागा उरली नसती. मी म्हटलं, एकट्यानेच खाल्ला. बायका हसून लोळल्या. जिच्यासाठी मी भांडलो ती सिनाच म्हणाली, की एकट्याने एवढं खाऊन पोरगा वाळला कसा. निकाल लागला: वर्षभर मला पेट्रोलचा थेंब नाही.

तेवढ्यात लुपे उठली आणि म्हणाली, की त्यातला अर्धा धूर तिचा. शाळेत खडूंची पेटी भरलेली होती, तरी दर वेळी संपले म्हणून तीच सांगत होती.

पेनेहे तिला खाली बसवायला धावले, कारण तिचा दंड म्हणजे त्यांच्याच घरचं इंजिन सहा महिने बंद. आजोबा म्हणाले, की इंजिन वाचवायचं तर मुलीचं नाव इनातीत त्यांच्या घरच्या वाट्यातून काढून फेलेतीच्या घरच्या वाट्यात घालावं लागेल. पेनेहेंनी मुलीकडे एकदा पाहिलं आणि होकाराची मान डोलावली. दुसऱ्या दिवशी इनातीत आमची नावं एका दमात पुकारली. आमच्या वाट्याचा मासा पेनेहेंनी उचलला, आणि लग्न होईपर्यंत तो त्यांच्याच चुलीवर शिजेल असं सांगून घेऊन गेले.

सप्टेंबरात लग्न आहे, मामींना घेऊन या. बोटीपासून घरापर्यंत मी वल्हवत नेईन. लुपे वल्ह्याला हात लावणार नाही म्हणते. तिचा अर्धा वाटा धुरात होता, घामात नाही.

मायेत कपात करू नका.
आता अर्धाच तुमचा,
फेलेती