पुढं फेकलं तर फाऊल नसतो, मामा!

माझ्या तापट आणि लाडक्या मामांना,
तुमच्या तितक्याच तापट भाच्याचा कडक सलाम!

उद्या सकाळी दहाला मला आष्ट्याला जायचंय, शुभांगीच्या घरी. तिच्या वडिलांनी चहाला बोलावलंय. चहाला म्हणजे कशाला, हे तुम्हांला काय सांगायचं! अशा वेळी मुलाकडून बोलायला मामा पुढं बसतो, आणि माझा मामा ऐन वेळेला गायब. सात महिने झाले तुम्हांला जाऊन. ही काय पद्धत झाली?

ते काय विचारणार, तेही शुभांगीनं सांगून ठेवलंय. ‘कॉलेज अर्ध्यात का सोडलं?’ या एका प्रश्नावरून मी आजवर दोन पाहुण्यांशी, एका केस कापणाऱ्याशी आणि स्वतःच्या बापाशी भांडलोय. उद्या भांडलो तर विषय संपला. म्हणून दुपारपासून वही घेऊन बसलोय. तुमच्याशी बोललं की माझं डोकं थंड होतं असं नाही, उलट जास्तच तापतं. पण बरं वाटतं.

आणि काल साताऱ्यात जे झालं तेही सांगायचंय. ते समजणारा माणूस अख्ख्या तालुक्यात एकच होता.

मामा, तो लांबोडका चेंडू अजून शाबूत आहे बरं का! आफ्रिकेत शांतिसेनेत सुभेदार असताना शेजारच्या तळावरच्या अमेरिकन सार्जंटनं तुम्हांला दिलेला. सोबत एक व्हिडिओ कॅसेटही दिली होती, त्यांच्याकडच्या फुटबॉलच्या मॅचची. गावी येईपर्यंत निम्मी कॅसेट बुरशीनं खाल्ली आणि आवाज तर पार गेला. उरलेल्या निम्म्या भागात भर पावसात, चिखलात धिप्पाड गडी चेंडू पोटाशी धरून मुंडी खाली घालून घुसताना दिसायचे. तुम्ही पैलवान माणूस. बघून खुळावलात! ‘ह्यो आपला खेळ हाय,’ असं जाहीर करून टाकलंत.

त्या कॅसेटमध्ये एकदाच एकानं चेंडू पुढं फेकला. तो जमिनीवर पडला, पंचानं शिट्टी मारली, सगळे परत मागच्या रेघेवर आले. झालं! सुभेदारांचा निकाल लागला: चेंडू पुढं फेकणं म्हणजे फाऊल.

आणि या निकालावर तुम्ही गावातल्या पोरांना वीस वर्षं फुटबॉल शिकवलात! ऊस तुटला की बाकीच्या रानात त्याच बुडख्यांवर खोडवा राखायचा, पण ओढ्याकडचा एक एकर नांगरून सपाट करायचा. मामी ओरडायच्या, “आवं, बुडख्याला फुटवं आलं असतं की! एक एकर खेळायला सोडत्यात व्हय कुणी?” तुम्ही म्हणायचा, “ऊस गोड हाय, पण पोरं काय कडू हायेत का?” मे महिन्याच्या सुट्टीत मी कडेगावहून तुमच्याकडं यायचो ते त्या एकरासाठीच. आठवड्याभरात दोन्ही गुडघे सोललेले. आई तुम्हांला फोनवर शिव्या द्यायची, आठवतंय?

मग मी सांगलीचं कॉलेज सोडलं. तिसऱ्या वर्षात, भर वर्गात सरांच्या टेबलावर जर्नल आपटून. वडिलांनी दार लावून घेतलं, मी बॅग घेऊन तुमच्याकडं आलो. तुम्ही एवढंच विचारलंत, “धारा काढता येत्यात का?”

त्याच गोठ्यात आपण पहिली खरी मॅच बघितली! सोमवारची पहाट, अमेरिकेत तेव्हा रविवार. मी मोबाइल गव्हाणीला टेकवून ठेवला. तुम्ही म्हशीखाली बसलेले. पहिल्याच डावाला त्यांच्या गड्यानं चेंडू पुढं भिरकावला आणि तुम्ही ओरडलात, “फाऊल!” पुन्हा फेकला. “फाऊल! अरं दे की फाऊल! पंच आंधळा हाय का?” पाचव्या फाऊलला म्हशीनं लाथ मारली आणि दुधाची बादली गेली.

“मामा, फाऊल नाही तो,” मी म्हणालो. “पुढं फेकलेलं चालतं. झेलला नाही तरच परत मागं यायचं.”

तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, जणू मीच तो नियम काढला होता.

मग काय, सहा महिने आपलं युद्ध! मी मोबाइलवर वाचून तुम्हांला सांगायचो, की तुमची कॅसेट खोटी नव्हती, मामा. एके काळी त्यांचाही खेळ पळण्याचाच होता. मग त्यांनी नियम बदलले. झेलायला पुढं धावणाऱ्याला वाटेत धरायचं नाही, फेकणाऱ्याला उगाच आडवं करायचं नाही. तेव्हापासून हळूहळू सगळा खेळ हवेत गेला. आता फेकणारा गडी, म्हणजे क्वार्टरबॅक, हाच सगळ्यांत मोठा. पगार त्याचा मोठा, नाव त्याचं मोठं, आणि मुंडी घालून घुसणारे बिचारे मागं पडले.

“म्हंजे ऊसतोडीच्या टोळीचा मुकादमच की रं!” तुम्ही म्हणालात. “बाकीच्यांनी मुकादमाच्या तोंडाकडं बघत बसायचं व्हय?”

“पण मामा, मुकादमाला अख्खं रान दिसतं. पळणाऱ्याला फक्त समोरच्याची छाती दिसते.”

“तुला मुकादम का व्हायचंय ते मला ठावं हाय. तुला कुणी हात लावल्याला खपत न्हाई!”

लागलं होतं मला ते. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

तुम्ही दोन आठवडे मैदानावर फिरकला नाहीत. मामी म्हणाल्या, माणूस जेवताना हातात भाकरी धरून बसतो. आणि मग एके संध्याकाळी शिट्टी गळ्यात घालून आलात, सगळ्यांना रांगेत उभं केलंत आणि म्हणालात, “पोरांनो, वीस वर्षं मी चुकीचं शिकवलं. पुढं फेकल्यालं चालतंय. चूक माझी.” मामा, तेवढं एक वाक्य बोलायला मला अजून जमत नाही.

तिथं थांबाल तर तुम्ही कसले! जुन्या पोरांचे नंबर गोळा करायला लावलेत मला. एकेकाला फोन! लडाखच्या ठाण्यावरच्या बाळूला लावला तेव्हा मी शेजारीच होतो.

“बाळू, सुभेदार बोलतोय. दहावीच्या सुट्टीत तू चेंडू पुढं फेकला आन् मी फाऊल दिला, ध्यानात हाय?”

“सायेब… माजी आई बरी हाय न्हवं?”

“आई ठणठणीत हाय. तो फाऊल न्हवता. मी मागं घेतो.”

मग बाळू हसत सुटला, इतका की शेवटी रडला. मीही हसलो. तुम्ही मात्र गंभीर चेहऱ्यानं वहीत त्याच्या नावापुढं बरोबरची खूण केलीत!

मग आला आपला नवा खेळ. कमरेला दोन फडकी, ती ओढली की गडी थांबला, अंगाला धक्का नाही, पोरं-पोरी एकत्र. फडक्यांसाठी तुम्ही मामींचं चांगलं लुगडं कापलंत आणि मामी आठ दिवस तुमच्याशी बोलल्या नाहीत. त्याच वेळी इस्लामपूरच्या कॉलेजातून कबड्डीवाली शुभांगी आली. ती पहिल्यांदा पळाली तेव्हा तुम्ही “वा गं वाघिणी!” म्हणालात. माझ्या हातातला चेंडू खाली पडला होता.

पुढचं तुम्हांला माहीतच आहे. मी मुकादम झालो आणि प्रत्येक चेंडू तिलाच! डावीकडं बंड्या मोकळा, उजवीकडं सलीम हात वर करून नाचतोय, आणि मी फेकतोय शुभांगीकडं. तेही ती उभी असेल तिथं. ती पळाली की चेंडू तिच्या पाठीत. तुम्ही कपाळावर हात मारायचा. “अरं गड्या, माणूस हाय तिथं टाकू नगं. माणूस जाईल तिथं टाक. तिच्या तोंडाकडं बघत बसलास तर तिला काय झेलायचं, तुजं डोळं?”

सगळं मैदान हसलं. सलीमला तर उचकी लागली. मामा, सगळ्यांसमोर बोलायचं होतं का हो ते?

पण माझा राग तुमच्यावर निघाला नाही, तिच्यावर निघाला. तिच्याकडून एक सोपा चेंडू सुटला आणि मी ओरडलो, “झेपत न्हाई तर कबड्डीच खेळ जा!” तिनं कमरेची फडकी सोडली, घडी केली, तुमच्या हातात दिली आणि गेली. तीन आठवडे आली नाही. माझ्यासाठी तर नाहीच आली परत, तुम्ही आष्ट्याला जाऊन आलात म्हणून आली. तिथं काय बोललात ते मला कधी सांगितलं नाहीत.

आणि मग ती संध्याकाळ. साताऱ्याच्या स्पर्धेचं ठरलं आणि तुम्ही म्हणालात, “शुभांगी मुकादम हुईल. विक्या पळंल.”

“का? ह्यांना फेकायला मी शिकवलं!”

“मुकादमाला डोकं थंड लागतंय. तुजं डोकं म्हंजे गुऱ्हाळाचं चुलाण हाय.”

मी चेंडू लाथेनं ओढ्यात घालवला, गाडीला किक मारली आणि कडेगावला निघून गेलो. वडिलांनी दार उघडलं, तरी त्यांच्याशीही धड बोललो नाही. चार दिवसांत तुमचे दोन फोन आले. मी उचलले नाहीत. पाचव्या दिवशी मामींचा आला. तो उचलला.

काय बोलणार होता हो त्या दोन फोनवर? शिव्या देणार होता ना? शिव्याच असतील असं मी धरून चालतो. त्यानं जरा बरं वाटतं.

बास. आता साताऱ्याचं ऐका!

काल मैदानावर उतरताना सगळ्यांनी चेंडू माझ्याकडं दिला. आता कोण अडवणार होतं? मी तो शुभांगीच्या हातात ठेवला. मोठं काही बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं फक्त “घे.”

“ताप आलाय का तुला?” ती म्हणाली.

मामा, काय फेकते हो ती! बंड्याला एक, सलीमला दोन. समोरच्यांना कळेना कुणाला धरायचं. मग माझी पाळी आली. मोकळा होतो, चेंडू बरोबर छातीवर आला आणि सुटला! इतका सोपा! मी मान खाली घालून परत आलो आणि वाट बघत राहिलो. मी तिला जे बोललो होतो, तेच आता ती बोलणार. बोलायलाच पाहिजे होतं तिनं.

तिनं टाळी वाजवली. “चल, परत. तुझ्याकडंच.”

“माझ्याकडं? सलीम मोकळा हाय.”

“पळ म्हणते न्हवं!”

मी पळालो. मागं न बघता, कोपऱ्याकडं, जिथं कुणीच नव्हतं. वळलो तर चेंडू आधीच निघालेला! आणि ती माझ्याकडं बघतच नव्हती, मामा! ती मोकळ्या कोपऱ्याकडं बघत होती. मी तिथं पोचेन हे ती धरूनच चालली होती. माझ्याबद्दल असं कुणी काही धरून चालेल, हे मला ठाऊकच नव्हतं. झेलला! दोन्ही हातांनी, पोटाशी, तुम्ही शिकवल्यासारखा. मुंडी खाली घातली आणि घुसलो रेघेच्या पार!

हरलो आपण. एका गुणानं. पण परतीच्या एसटीत एवढा दंगा घातला की कंडक्टर म्हणाला, “जिंकलासा व्हय रं?”

“न्हाई, हरलो!” सलीम ओरडला.

“मग एवढं कशाला नाचताय, येड्यांनो?”

तुम्ही असता तर त्याला सगळे नियम समजावत कऱ्हाडपर्यंत आणलं असतंत.

एसटीत शुभांगी शेजारी येऊन बसली. “रविवारी दादा घरी हायेत,” ती म्हणाली. वडिलांना ती दादा म्हणते. “मी बोललेय त्यांच्याशी. तू ये. कॉलेजचं विचारतील. खरं ते सांग.”

“आणि राग आला तर?”

“तर राग घेऊन परत जा. मी अडवणार न्हाई.”

बघा! सरळ सांगून टाकलं. तुमचीच शिष्या.

मामा, खरं काय ते तुम्हांला आधी सांगतो, म्हणजे उद्या तोंडातून नीट निघेल. सर बरोबर होते. जर्नल मी मित्राचं बघून उतरवलं होतं आणि ते चारचौघांत पकडलं गेलं. एवढंच! बाकी अन्याय, अपमान वगैरे जे मी गावभर सांगत फिरलो, ते सगळं नंतर जोडलेलं. तुम्हांलाही तेच सांगितलं होतं. चूक माझी.

लिहिलं एकदाचं! तुम्ही रांगेत उभं करून वीस वर्षांची चूक सांगितलीत, माझी तर अडीच वर्षांचीच आहे.

मामींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “उद्या मी येणार. मामाच्या जागंवर मी बसणार. तुज्यावर माजा इस्वास न्हाई.” नवी साडी काढून ठेवलीय त्यांनी.

तर आता वचन. उद्या तिचे वडील बोलत असतील तोवर मी तोंड उघडणार नाही. ते टाकून बोलले, तरी चहा पुरा पिऊन उठेन. त्यांनी हो म्हटलं किंवा नाही म्हटलं, तरी सोमवारी सांगलीला जाणार, सरांसमोर उभा राहणार, आणि त्यांनी घेतलं तर पहिल्या बाकावर बसणार. लोक हसतील, पोरं माझ्यापेक्षा लहान असतील. असू देत. हे मी शुभांगीसाठी करतोय असं मामींना वाटतंय. वाटू दे त्यांना.

मामी आतून ओरडताहेत, इस्त्री तापलीय, शर्ट आण म्हणून. जातो.

तुमचा,
विक्या