काळखेड्याची खिंड

रवि., १ फेब्रु.
काळखेड्याची वाट आज पहिल्यांदा पूर्ण धावलो. धाकटा भाऊ निलेश आणि मी. गाडी गढीपाशी लावली. गढीचा एकच बुरूज उरलाय, त्याच्या सावलीत म्हशी. तिथून बारव, मग शेंदूर फासलेले वीरगळ, मग नाल्याच्या काठानं थेट खिंडीत. खिंडीतल्या पायऱ्या दगडात कोरलेल्या, मधोमध झिजून खोलगट झाल्यात. वर पठारावर वारा इतका की बोलता येईना.

दम मला लागला, पाय निलेशचे दुखले. बी-बियाण्यांच्या दुकानात दिवसभर बसतो, वर मला शिकवतो की ताई, उतारावर टाच नको टेकवू.

बारवेवर धुणं धुणारी एक बाई. साठीची असेल. आम्हाला पळत उतरताना बघून म्हणाली, "कसाले पयतस रे? कोन मांगे लागेल शे?"
निलेश : "पोट, अक्का."
ती हसता हसता धुणं विसरली.
मार्चमध्ये आमच्या चाळीसगावच्या सगळ्या धावण्याच्या ग्रुपला इथं आणायचं ठरवलंय. गढी ते पठार आणि परत.

सोम., ९ फेब्रु. धुळे
बोटं सुजलीत. अक्षर असंच येईल.

काल. खिंडीत. नीट आठवून लिहिते, नाहीतर उद्या डोक्यात भलतंच होऊन बसेल.

निलेश पुढे, वरच्या पायऱ्यांवर. मी खाली, नाडी बांधत होते. आधी आवाज आला. मळणीयंत्र चालू झाल्यासारखा. वर पाहिलं तर कड्याखालचं आग्यामोहोळ जागचं सुटलेलं. काळं, हलणारं. निलेश ओरडला, "ताई, पळ!" आणि स्वतः हात झाडत खाली यायला लागला. पडला. उठला. पुन्हा पडला. तोंड दिसत नव्हतं. माशाच.

मला किती चावल्या माहीत नाही. मी त्याच्याकडे धावत होते की उलटी, तेही सांगता येत नाही.

मग ती अक्का. बारवेवरची. खिंडीच्या तोंडाशी काटक्या गोळा करत होती. डोक्यावरची जाड चादर ओढली, निलेशवर टाकली आणि स्वतः त्याच्यावर पालथी पडली. मला ओरडली, "पयू नको! बठी जाय! तोंड झाक!" मी ओढणीत तोंड घालून बसले. तिच्या पाठीवर माशा बसताना बघत होते. ती हलली नाही.

गावातली माणसं कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून धूर करत आली. त्याला उचलून खाली आणलं. माझी बोटं सुजलेली, आमची गाडी चालवता येईना. गावात त्या वेळी दुसरी एकच गाडी होती, पिकअप. निलेशला मागे झोपवलं. अक्का गाडीच्या कठड्याला धरून उभी. कान लाल, ओठ सुजलेला. माझ्या मानेतले काटे नखानं काढत होती.
म्हटलं, "तुम्हीपण चला."
"मी बरी शे. आमले सवय शे. तू त्याले लई जा, येळ नको करू."
गेलो.

चाळीसगावला सलाइन, इंजेक्शनं. संध्याकाळी धुळ्याला हलवलं. लघवी चहासारखी काळी झाली होती, मग बंदच.

मंगळ., १० फेब्रु.
किडनी काम करत नाहीये. डायलिसिस सुरू. डॉक्टर म्हणाले, विष फार गेलंय, पण वय त्याच्या बाजूनं आहे. एकेचाळीस.
स्वाती, त्याची बायको, माझ्याशी बोलत नाही. डबा आणते, माझ्यासमोर ठेवते, खिडकीपाशी जाते. आज एवढंच म्हणाली, "धावायला चांगला रोड नव्हता का गावात?"
फॅनचा आवाज सहन होत नाही. बंद करून घामात बसलेय.

गुरु., १२ फेब्रु.
डोळे उघडले. चेहरा त्याचा नाही, पण आवाज त्याचा. पहिला शब्द : "अक्का?"
म्हटलं, "बरी आहे. तीच म्हणाली, बरी आहे."
तो झोपला. बऱ्याच वेळानं पुन्हा : "जड होती गं. श्वास लागत होता तिचा माझ्या कानाशी."
स्वाती पहिल्यांदा रडली. म्हणाली, त्या बाईला लुगडं घेऊन जा, माझ्याकडून.

रवि., १५ फेब्रु.
लुगडं घेऊन काळखेड्याला गेले. एसटीनं. गाडी अजून गढीपाशीच होती, धूळ खात.

बारवेवर दोघी होत्या. त्या दिवशी खिंडीत आलेल्या अक्का कुठं राहतात, विचारलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हणाली, "तुले कोनी सांगं नही?"

मी म्हटलं, काय?

"जिजाअक्का गई. त्याच दिन."

पिशवी हातात तशीच. बाई आणखी बोलत होती, ऐकू येत नव्हतं. तिचे ओठ दिसत होते.

घरी नेलं मला त्यांनी. ओट्यावर उपरणी घेतलेले पुरुष. आत अजून सुतक. अक्काचे नवरे भिलाआबा जमिनीवर बसलेले. मला बघून म्हणाले, "बठ, माय." मग, "तुना भाऊ कसा शे?"
सुधारतोय म्हटलं.
"बरं व्हयनं."
एवढंच. खरंच मनापासून म्हणाले ते. त्यानंच माझं पाणी पाणी झालं.

हळूहळू कळलं ते असं. आम्ही गेल्यावर अक्का घरी आली. चहा केला, स्वतःच. थोड्या वेळानं उलटी. छातीत आवळतंय म्हणाली. पिकअप आमच्याबरोबर गेलेली. ट्रॅक्टर काढला, ट्रॉलीत गोधडी घातली. डांबरी रस्ता यायच्या आधीच.

मुलगी मनीषा. कॉलेजात शिकते. मला पाणी दिलं, समोर बसली.
"शेवटी काय बोलली आई तुमच्याशी?"
सांगितलं. मी बरी शे. आम्हाला सवय आहे. वेळ नको करू.
तिनं विचारलं, "गाडीत जागा होती?"
होती. पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. मी मागे बसले होते, निलेशचं डोकं धरून.
"होती," म्हटलं.
ती उठून आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही.

लुगडं परत आणलं. तिथं कसं देणार. गाडी चालवत घरी आले, म्हणजे चालवलीच असणार. रस्ता आठवत नाही.

सोम., १६ फेब्रु.
शाळेत गेले. आठवीचा विज्ञानाचा तास. धडा काढला आणि उभीच राहिले. एका मुलीनं पंखा लावला, मी तिच्यावर ओरडले. आयुष्यात असं ओरडले नव्हते.

मंगळ., १७ फेब्रु.
निलेशला लघवी व्हायला लागली. डॉक्टर खूश. वॉर्डात पेढे.
स्वातीला बाहेर बोलावून अक्काचं सांगितलं. ती भिंतीला टेकली. मग म्हणाली, "त्यांना नाही सांगायचं. आत्ता तर नाहीच."
"तो विचारतोय रोज."
"विचारू देत. माझा माणूस आधी घरी येऊ दे."
डॉक्टरही म्हणाले, थोडं थांबा. थांबले.
आज जिजाअक्काचा दहावा. आम्ही इथं पेढे खातोय.

रवि., २२ फेब्रु.
घरी आणलं. ते दोघं खाली राहतात, मी वर. शेजारीपाजारी भेटायला येतात. प्रत्येकाला तो तेच सांगतो, एका बाईनं वाचवलं, अंगावर पडून राहिली, सख्खी आई नाही करणार. हात लावून दाखवतो, इथं तिचं डोकं होतं.
कोणीतरी विचारलं, बाई कशी आहे? स्वाती चहा ओतत होती. हात न थांबवता म्हणाली, "बरी आहे."
माझ्याकडे बघितलंही नाही तिनं. मी कप उचलून पाहुण्यांना दिले.

शुक्र., २७ फेब्रु.
वनखात्याचा माणूस भेटला. विचारलं, माशा का उठल्या? ऊन वाढलं की चिडतात, कधी एखादी घार झडप घालते, सांगता येत नाही म्हणाला. कारण असतं तर बरं झालं असतं.
मोहोळ अजून तिथंच आहे म्हणे.

रवि., १ मार्च
सकाळी तो बूट घालून ओट्यावर. पायांची सूज गेलीय, बूट तरी घट्ट. "चल, काळखेड्याला. अक्काला भेटून येऊ. लुगडं कुठं ठेवलंस?"
स्वाती दारात. मान हलवत होती, नको, नको.
मी सांगितलं. उभ्यानंच. बसून सांगायला हवं होतं.
"कधी?"
"त्याच दिवशी."
"तू म्हणालीस बरी आहे."
"तेव्हा मला माहीत नव्हतं."
"आणि नंतर?"
त्यानं स्वातीकडे पाहिलं. मग त्यानं आपल्याच छातीवर हात ठेवला. वाटलं, दुखतंय. दुखत नव्हतं.
"गाडी काढ," म्हणाला.
स्वाती आडवी आली नाही. लुगड्याची पिशवी मात्र आत घेऊन गेली.

गढीपाशी गाडी लावली. तो म्हणाला, "मी काय सांगू त्यांना?" मला माहीत नाही म्हटलं, त्यांचं घर दाखवलं. उतरला, घरांच्या भिंतींना हात लावत लावत गेला. मी गाडीतच. आरशातून दिसलं, भिलाआबा ओट्यावरून उठले. निलेश त्यांच्या पायाशी वाकला, तो उठलाच नाही. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला की त्याला उठवत होते, एवढ्या लांबून कळेना.

मनीषा घरातून बाहेर आली. त्या दोघांकडे पाहिलं. मग त्यांना वळसा घालून गाडीकडे चालत आली. काचेशी उभी राहिली. वाळलीय.
काच खाली केली.
म्हणाली, "तुम्ही आत येणार का नाही?"
रागानं म्हणाली की बोलावत होती, अजून ठरवता येत नाहीये.