धुतलेला स्वेटर

प्रिय चिमे,

फोनवरच सांगितलं असतं, पण माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतेस. बाबांनी आठ दिवस अंथरूण धरलंय. डॉक्टर म्हणाले, मुलीला लवकर बोलावून घ्या. दार वाजलं की ते तुलाच हाक मारतात.

निम्म्या मेंढ्या विकल्या. व्यापारी कोकरं नेतो, लोकरीला मात्र नाक मुरडतो. यंदाची लोकर गोण्यांत तशीच पडून आहे. परवा एका मेंढीचं कोकरू मेलं आणि दुसऱ्या कोकराची आई. मेलेल्याचं कातडं मी त्या पोरक्याच्या अंगावर बांधलं. मेंढीनं हुंगलं आणि मुकाट पाजलं. बाबांना सांगितलं तर पडल्या पडल्या हसले.

मी या घरात आले तेव्हा हीच युक्ती त्यांनी मला सांगितली होती. तू पाच वर्षांची, आई नुकतीच गेलेली. तुझ्या आईचा करडा स्वेटर घाल, म्हणाले, पोर आपसूक जवळ येईल. पण मी पडले गिरणीत लोकर धुणारी. मळकी लोकर अंगात घालायची म्हणजे माझ्या जिवावर आलं. स्वेटर स्वच्छ धुतला, वाळवला, मग घातला. तू धावत आलीस, पोटात तोंड खुपसलंस, हुंगलंस आणि वर बघितलंस. ती नजर अजून डोळ्यांपुढून हलत नाही. तुझ्या आईचा घरात तेवढाच वास उरला होता, तो मी साबणाच्या पाण्याबरोबर मोरीत सोडून दिला. तेव्हापासून मी तुझी नुसती ‘अहो’. अहो, वाढा. अहो, फी द्या. तुला कधी बोल लावला नाही गं. लोकरीत जन्म काढून मला एवढं कळू नये, याचंच रडू येतं.

‘ती आहे तोवर या घरात पाऊल टाकणार नाही,’ असं तू तुझ्या लग्नात मैत्रिणीला म्हणालीस. मी मागेच उभी होते. म्हणून सोमवारी सकाळच्या गाडीनं मी भावाकडे जातेय. तो आजारी आहे, असं बाबांना खोटंच सांगितलंय. तू येईपर्यंत शेजारच्या काकू बसतील. औषधांच्या वेळा कपाटावर चिकटवल्यात. तू बिनघोर ये, हवं तितकं राहा. ते आहेत तोवर मी परतणार नाही. त्यांचं शेवटचं तोंड मला दिसलं नाही तरी चालेल, तुला दिसायला हवं. फक्त उशीर करू नकोस.

तुझी कोणीच नसलेली, तरी तुझीच