रुआबांध्याचा ध्रुवतारा

3 एप्रिल
टेलिस्कोप रुआबांध्यात (आमची भिलाईतली कॉलनी) आला. मोटरवाला, रिमोटवाला. ताऱ्याचं नाव दाबलं की स्वतः तिकडं वळतो. फक्त आधी त्याला उत्तर दिशा दाखवायची आणि दोन तारे ओळखून द्यायचे. याला अलाइनमेंट म्हणतात. सव्वीस वर्षं स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये (रूळ बनतात तिथं) मी दुसरं काय करून राहिलो? मॅन्युअल वाचणार नाही. ते नवशिक्यांसाठी असते.

6 एप्रिल
सोबतची तिपाई ॲल्युमिनियमची. पाहूनच हसू आलं. स्वतः स्टॅण्ड वेल्ड केला. बारा मिलीची लोखंडी प्लेट, चार इंची पाइप. वजन ब्याण्णव किलो. लेव्हल अचूक. बाबा (भिलाई-3 ला रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, होते) म्हणे, आनंदा, यावर दुर्बीण ठेवतं का इंजन? दुर्लक्ष केलं.

7 एप्रिल
विहारात मीटिंग. 14 तारखेच्या जयंतीच्या आदल्या संध्याकाळी काय ठेवायचं? साळा प्रेमानंद (डिप्लोमावाला) म्हणे, पडद्यावर ग्रहांची फिल्म दाखवू. मी उभा राहिलो. म्हटलं, पडदा कशाला? माझ्या छतावर या, गुरूचे चार चंद्र खरेखुरे दाखवतो. टाळ्या. फिल्म रद्द.
यंदा 'विज्ञान प्रमुख' हे नवं पद निघालं आहे. माझं नाव जवळजवळ पक्कं. प्रेमानंद म्हणे, जिजाजी, नाही दिसले तर? तर पद तुझं, असं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. पद सुरक्षित आहे.

8 एप्रिल, सायं. 7.10
होकायंत्र थेट स्टॅण्डच्या प्लेटवर ठेवलं. सुई थांबली तिकडं पाहिलं, तर खाली क्षितिजाकडे एक ठळक पांढरा तारा. ध्रुव! आम्रपाली (बायको) म्हणे, अहो, तिकडून तर सकाळी ऊन येते. समजावलं की एप्रिलमध्ये सूर्य उत्तरेकडे सरकतोच. ती वाळलेले कपडे घेऊन खाली गेली. पटलं असावं.

9 एप्रिल
शंका आपली आपणच घ्यावी. ध्रुवाचं लक्षण काय? हलत नाही. कठड्यावर खिळा ठोकून 7.10 ते 8.40 नेम धरून बसलो. बाकी सगळे तारे सरकले. हा सुतभर नाही. होकायंत्र आणि खिळा, दोन साक्षीदार जुळले. सिद्ध.

10 एप्रिल
व्याध दाबला. नळी फिरली आणि कडुलिंबात थांबली. रिमोट म्हणतो, तारा मधोमध आणा, मग बटन दाबा. ही सूचना ज्यांची उत्तर दिशा कच्ची असते त्यांच्यासाठी. तसंच दाबलं. दुसरा तारा स्वाती. मोकळं आकाश. दाबलं. पडद्यावर आलं, 'अलाइनमेंट सक्सेस'. मशीन खोटं कशाला बोलेल? दीक्षा (मुलगी, बारावी) म्हणे, पापा, दिखा तो कुछ नहीं. म्हटलं, वाच काय लिहिलं आहे ते.

11 एप्रिल
गुरू दाबला. काळं. प्लांटची धूळ.

12 एप्रिल
काळं. धूळच.
बाबा छतावर आले. म्हणे, गुरू तर तो वर झगमगून राहिला, तुही नळी तिकडं कावून? म्हटलं, बाबा, हे कॉम्प्युटर आहे. संकल्प: आता हात लावायचा नाही. जुळलेल्या मशीनला छेडू नये.

13 एप्रिल, सायं. 7.40 पासून
छतावर एकतीस माणसं. प्रेमानंद सगळ्यात पुढं. गुरू दाबला. नळी झोकात फिरली. रांग लागली. पहिली बाई म्हणे, अंधार आहे. दुसरी म्हणे, मले बी अंधारच. मी आवाज चढवला. उत्तर दिशा पक्की आहे, तो पाहा ध्रुव! सगळ्यांच्या माना वळल्या.
तेवढ्यात लाईन गेली.
अख्खी कॉलनी काळी. मशीन बंद. आणि ध्रुव विझला.
एकतीस माना पुन्हा माझ्याकडे वळल्या. मग बाबा: अबे आनंदा, तुह्या ध्रुवाची बी लाईन गेली का रे? ती पाण्याच्या टाकीवरची बत्ती होय!
प्रेमानंद म्हणे, जिजाजी, ब्याण्णव किलो लोखंडावर होकायंत्र ठेवलं? ते बिचारं स्टॅण्डलाच भुललं.
लोक किती वेळ हसले ते मोजलं नाही.
बाबांनी स्क्रू ढिला केला, हातानं नळी वर उचलली. दीक्षानं डोळा लावून नेम धरला. चारही चंद्र. एकतीस जणांनी पाहिले. मी सगळ्यात शेवटी.
नोंद: स्टॅण्ड अजिबात हलला नाही.

14 एप्रिल
प्रेमानंद विज्ञान प्रमुख. बिल्ला लावून फिरून राहिला. मला रॅलीत पाणीवाटप. जागा: टाकीखाली. मुद्दाम.
काल सगळे गेल्यावर बाबांनी माझा हात धरून खरा ध्रुव दाखवला. एवढं नाव, आणि एवढासा फिका! माझा कितीतरी ठळक होता.
टाकीवरची बत्ती आज 7.05 ला लागली. खिळ्यावरून नेम धरून पाहिली.
सुतभर हललेली नाही.