डावीकडे ओढणारी गाडी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (गेले काही दिवस गाडीखाली डोकावून कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढं गोड मानून घे). इकडे आम्ही दोघं ठीक. तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि अप्पांचा डावा पाय, तिघांची खुशाली कळव. फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर माझी दोन वाक्यं पुरी होत नाहीत तोच तू फोन अप्पांच्या कानाला लावतेस, आणि हा विषय त्यांच्या कानावर घालण्यासारखा नाही.

विषय असा की, अप्पांना घरी आणायला मी मागच्या रविवारी आलो नाही. त्याच्या आधीच्या रविवारीही नाही. तू रागावली आहेस हे मला तुझ्या नुसत्या "बरं"वरून कळलं (तू रागावलीस की एका शब्दावर येतेस, ही लहानपणापासूनची खोड). पण ताई, ही टाळाटाळ नाही गं. पक्षाघातातून उठलेल्या माणसाला बसमध्ये चढवता येत नाही, म्हणून तर ही जुनी गाडी घेतली. खोली तयार आहे. पलंग खिडकीशी आणला, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला (लेव्हल लावून, बुडबुडा अगदी मधोमध). फक्त अप्पा यायचे राहिलेत, आणि ते गाडीमुळे. गाडी डावीकडे ओढते.

आता तू म्हणशील, बघून घ्यायची होतीस. बघूनच घेतली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दातांचा डॉक्टर आहे, त्याची ही गाडी. जो माणूस दिवसभर लोकांचे वेडेवाकडे दात तारा लावून ओळीत आणतो, त्याची गाडी वाकडी कशी जाईल, असा माझा सरळ विचार. (तुझी भावजय म्हणाली की हा नुसता दात उपटतो, तारा लावणारा वरच्या मजल्यावर बसतो. पण हे ती सौदा झाल्यावर म्हणाली.) गाडी घरी आणतानाच कळलं. हात जरा सैल सोडले की बाईसाहेब निघाल्या डावीकडे, कडेच्या फळवाल्याची विचारपूस करायला. दुसरा कुणी असता तर चालायचंच म्हणून गप्प बसला असता. मी पडलो फोटोंच्या फ्रेमा करणारा. भावोजींच्या घरी पहिल्यांदा आलो तेव्हा त्यांच्याशी बोलायच्या आधी मी त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं होतं, हे तू अजून चारचौघांत सांगतेस.

आधी टायरवाल्याकडे गेलो. त्यानं हवा तपासली, नाक खाजवलं आणि पुढचं डावं टायर उजवीकडे, उजवं डावीकडे लावून दिलं. गाडी उजवीकडे ओढायला लागली! परत गेलो तर म्हणतो कसा, डावीकडची तक्रार गेली की नाही सांगा. गेली होती, हे खरंच होतं, त्यामुळे मला धड भांडताही येईना. टायरं पुन्हा जागच्या जागी लावून घेतली आणि मेकॅनिककडे गेलो. त्यानं गाडी जॅकवर चढवली, चाक दोन्ही हातांनी गदागदा हलवलं आणि टाय रॉड ढिला झाल्याचं सांगितलं. (म्हणजे स्टिअरिंगचं म्हणणं चाकापर्यंत पोचवणारा दांडा. आपल्या घरात हे काम आई करायची. अप्पांचं म्हणणं आपल्यापर्यंत तिच्याच तोंडून यायचं.) तो बदलला आणि आता अलाइनमेंट, म्हणजे चाकं एका रेषेत, करून घ्या म्हणाला.

मधल्या काळात माझी झोप उडाली, ताई. डोळे मिटले की अप्पा माझ्या शेजारच्या सीटवर बसलेले दिसायचे. गाडी डावीकडे ओढते, मी झटक्यानं उजवीकडे घेतो, अप्पा डावीकडे घसरतात, आणि सावरायचा हात नेमका डावाच, त्यात जोर नाही. मी त्यांना धरायला जातो तर स्टिअरिंग सुटतं. दचकून उठायचो आणि पाणी पिऊन गाडीला चक्कर मारून यायचो, जणू ती पळून जाणार होती.

अलाइनमेंटवाल्याचं दुकान मात्र झकास. गाडी रॅम्पवर चढवली, चाकांना पकडी लावल्या, स्टिअरिंग हलू नये म्हणून सीटला टेकवून दांडा अडकवला. समोरच्या पडद्यावर लाल आकडे. तो खाली शिरून पान्हा फिरवायचा आणि लाल आकडे एकेक करून हिरवे व्हायचे. मला तर भरून आलं. मध्येच तो फोन घ्यायला बाहेर गेला, मग परत येऊन राहिलेले आकडेही हिरवे केले. (तो बाहेर असताना मी खिडकीतून एकदाच आत हात घातला होता. त्याचा इथे काही संबंध नाही.) गाडी घेऊन निघालो आणि बघतो तर काय, स्टिअरिंगच वाकडं! जरासंच उजवीकडे कललेलं, पण कललेलं. मी ते सरळ केलं की गाडी पुन्हा फळवाल्याकडे. परत गेलो तर अलाइनमेंटवाला म्हणाला, स्टिअरिंगकडे बघू नका, रस्त्याकडे बघा. हे काय उत्तर झालं? मीही तावातावानं बोललो, तोही बोलला, आणि शेवटी त्यानं पुढची गाडी रॅम्पवर घेतली.

तेव्हा ताई, अप्पांना असल्या गाडीत घालण्याचा धोका मी पत्करणार नाही. आणखी एक रविवार दे. भावोजींना नमस्कार, अप्पांना दंडवत.

तुझा,
धाकटा

ता. क. एकाऐवजी दोन रविवार धर. ब्रेकचाही बारीक आवाज येतोसा वाटतो.

ता. क. वन्सं, मी लिहिते आहे. परवा पाकिटाला तिकीट लावायला दिलं, तेव्हा वाचलं आणि खोदून विचारलं. ह्यांनी त्या दिवशी खिडकीतून मान तिरकी करून पाहिलं आणि अडकवलेलं स्टिअरिंग वाकडं वाटलं म्हणून दांडा सरकवून "सरळ" केलं. पुढचं सगळं त्यावर बेतलं गेलं, त्याला तो बिचारा काय करणार? काल मी स्वतः गाडी नेऊन पुन्हा करून आणली. ह्यांना दुकानाबाहेर उभं केलं होतं. आता गाडीही सरळ, स्टिअरिंगही सरळ. ब्रेकचा आवाज येत नाही. अडलंय ते गाडीपाशी नाही. काय ते ह्यांनाच लिहायला लावते.

ता. क. ताई, ती म्हणते ते खरं आहे. तू अप्पांचा खुर्चीतला फोटो पाठवलास ना, तो मी फ्रेम करायला दुकानात नेला. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं आहे. मला बघवेना. दिवसभर उपडा ठेवला, मग खणात टाकला. मला भीती गाडीची नाही. दार उघडल्यावर अप्पा समोर असतील आणि माझ्या तोंडाकडे बघतील, आणि माझ्या तोंडावर जे दिसेल ते त्यांना कळेल, ह्याची आहे. ही म्हणाली की ते तुमची वाट बघतायत, तुमचं तोंड तपासायला बसलेले नाहीत. म्हणाली आणि भाजी चिरायला गेली.

ह्याच रविवारी येतो. दारापासून गाडीपर्यंत त्यांना कुठल्या बाजूनं धरायचं, डाव्या की उजव्या, तेवढं आधी कळव. मी चुकीच्या बाजूला उभा राहायला नको.