मीठ चोळलेले मासे

सौ. रेणुकास आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? अक्काचा खोकला थांबला का? हरिओमचा ताप उतरला का? मी बरा आहे. म्हैसुरात आपली पुतणी नेत्रा मला पोटभर जेवू घालायलीय.

हे फोनवर बोलवत न्हाई, ती शेजारीच असते. तिनं आपल्या पीएचडीसाठी दोन तळ्यांतल्या एकाच जातीच्या माशांवर तेरा-तेरा खुणा करून अंगाची ठेवण मोजली. आपल्या खजुरीच्या तळ्यातले, मी आणलेले मासे भालकीकडच्यांपेक्षा पोटाला बारीक निघाले. "काका, चार वर्षं सार्थकी लागली!" म्हणून पोरगी नाचली.

अगं, आपले मासे बारीक न्हाईत. भालकीचे बर्फातून आले. आपले वाटेत नासू नयेत म्हणून मी मीठ चोळलं अन् इथं धुऊन दिले. मिठानंच ते आकसले. कामून केलं मी असं? पुढच्या महिन्यात ती प्रबंध देणार.

तळं आटलंय, ठाऊक आहे. तरी मासे धरणाऱ्या राघोबाला विचार, बर्फात घालून इकडं पाठवायला डबक्यात दहा-बारा तरी उरलेत का? न्हाई म्हणाला तरी मी नेत्राला सांगणारच, पण रिकाम्या हातानं तिच्यापुढं कसा उभा राहू?

पत्र मिळताच दोन ओळी लिही, उशीर करू नकोस.

तुझा
नागोराव